चार जुलैच्या गर्दीत मोटरहोम घेऊन निघायचं आणि रिझर्व्हेशन एकही नाही, जमतं का?

ग्रीष्मा_आर
नमस्कार. थेट प्रश्नच विचारते. जुलैच्या पहिल्या आठवड्यासाठी सॉल्ट लेक सिटीहून मोटरहोम भाड्याने घेतलंय, पंचवीस फुटी क्लास सी, म्हणजे मध्यम आकाराचं. आम्ही दोघं, दोन मुलं आणि भारतातून आलेले सासू-सासरे. आधी ग्रँड टेटन, मग यलोस्टोन आणि परत. गाडी मिळाली, राहायच्या जागा मात्र मिळाल्या नाहीत. पार्कातली सगळी कॅम्पग्राउंड्स फुल, बाहेरच्या खासगी आरव्ही पार्कवाल्यांनीही, म्हणजे मोटरहोम लावू देणाऱ्यांनीही, नाही सांगितलं. त्यात यंदा चार जुलै, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, शनिवारी येतोय म्हणजे शुक्रवारी सुट्टी, आणि देशाला २५० वर्षं होतायत म्हणून सगळेच बाहेर पडणार.

नवरा म्हणतो विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, मग बुकिंग कशाला हवं, संध्याकाळ होईल तिथे थांबू. मला रात्री दहा वाजता सासूबाईंना घेऊन पार्किंग लॉट शोधत फिरायचं नाहीये. असं कोणी खरंच केलंय का? की गाडी रद्द करून टाकू?

रानवाट
जमतं. पार्कच्या आत जमत नाही, बाहेर जमतं. रात्री सविस्तर लिहितो, तोपर्यंत काही कॅन्सल करू नका.

पक्कं_नियोजन
मी विरुद्ध मत देणार. एकट्यादुकट्याने जायचं असेल तर खुशाल जा, पण चार जुलै, लहान मुलं, वयस्कर माणसं आणि जागा नाही हे चारही एकत्र म्हणजे सुट्टीचा निम्मा वेळ रात्री कुठे झोपायचं या चिंतेत जाणार. रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी बुकिंग साइटवर बऱ्याच पार्कांच्या जागा सहा महिने आधी खुल्या होतात, म्हणजे जुलैसाठी जानेवारीतच झुंबड. पूर्वी टेटनमध्ये सकाळी लवकर पोचलं की जागा मिळायची, २०२१ पासून तिथली कॅम्पग्राउंड्स रिझर्व्हेशनवर गेली. यलोस्टोनचंही आता उन्हाळ्यात तेच. दहा वर्षांपूर्वीचे अनुभव सांगून लोक 'काही होत नाही हो' म्हणतात, पण तेव्हाची व्यवस्था आता उरलेली नाही हे लक्षात घ्या.

झुळूक
यलोस्टोनमध्ये रस्त्याच्या कडेला इतके पुलआउट आहेत, तिथे रात्री गाडी लावून झोपलं तर काय होतं? खरंच माहीत नाही म्हणून विचारतेय.

पक्कं_नियोजन
@झुळूक, चालत नाही. कॅम्पग्राउंडबाहेर गाडीत झोपायला पार्कात मनाई आहे. रेंजर रात्री काचेवर टकटक करतो, दंडही होऊ शकतो. आणि रात्री दोन वाजता झोपलेल्या मुलांना सीटबेल्ट लावून पार्काबाहेर तासभर गाडी हाकायची, हरणं आणि बायसन रस्त्यावर, ते वेगळंच.

मी_कांचन
वाचतेय. ऑगस्टमध्ये आमचंही असंच काहीतरी ठरतंय.

रानवाट
हां, आता बसून लिहितो. जरा लांबेल.

आधी नकाशा बघा. यलोस्टोन आणि टेटन या दोन पार्कांभोवती चहूकडून नॅशनल फॉरेस्ट आहे. उत्तर आणि पश्चिमेला कस्टर गॅलाटिन, आयडाहोच्या बाजूला कॅरिबू-टार्गी, दक्षिणेला ब्रिजर-टेटन, पूर्वेला कोडीच्या दिशेने शोशोनी. लोकांची नजर पार्कच्या हद्दीवर असते म्हणून त्यांना सगळं फुल दिसतं. फॉरेस्टमध्ये दोन प्रकार आहेत. एक म्हणजे त्यांची साधी कॅम्पग्राउंड्स, हूकअप (गाडीला वीज-पाण्याची जोडणी) नाही, कोरडा संडास, हातपंप किंवा नळ, आणि यातल्या बऱ्याच ठिकाणी सगळ्या नाही तर काही जागा तरी अजून 'पहिला येईल त्याला' असतात. दुसरा प्रकार म्हणजे डिस्पर्स्ड कॅम्पिंग, फॉरेस्टच्या कच्च्या रस्त्यांच्या कडेला जिथे परवानगी आहे तिथे फुकट थांबायचं, साधारण १४ दिवसांची मर्यादा असते पण गर्दीच्या भागात, उदाहरणार्थ जॅक्सनच्या आसपास, ती बरीच कमी केलेली आहे. कुठल्या रस्त्यावर गाडी नेता येते ते फॉरेस्टच्या मोटर व्हेइकल यूज मॅपवर दिसतं, तो फुकट मिळतो, फोनवर आधी उतरवून घ्या कारण तिथे रेंज नसते.

आता वेळेचं. संध्याकाळ होईल तिथे थांबू हे दादांचं म्हणणं नोव्हेंबरमध्ये ठीक आहे. जुलैत जागा संध्याकाळी मिळत नाही, सकाळी मिळते. आधीचे लोक दहा ते बारामध्ये निघतात, तेव्हा तुम्ही तिथे असायला हवं. हळू वेगाने लूपमधून गाडी फिरवायची आणि प्रत्येक साइटच्या खांबाला लावलेली चिठ्ठी वाचायची, तिच्यावर कधी जाणार ती तारीख असते. आजची तारीख दिसली आणि ते लोक खुर्च्या आवरत असतील तर सरळ उतरून विचारायचं, किती वाजता निघताय, आम्ही थांबू का. कोणी नाही म्हणत नाही. जागा मिळाली की प्रवेशापाशी लोखंडी पेटी असते, तिला आयर्न रेंजर म्हणतात, तिथलं पाकीट घ्यायचं, पैसे आत, माहिती वर लिहायची, पाकीट फटीतून टाकायचं आणि फाडलेला तुकडा आपल्या खांबाला लावायचा. झालं, जागा तुमची.

अजून एक. जुलैत तिथे नऊनंतरही उजेड असतो. ऊन आहे म्हणून माणूस गीझर बघत राहतो, आणि जागा दुपारीच संपलेल्या असतात. घड्याळ बघा, आकाश नको.

ओहमबाबा
रानवाट यांनी जागेचं सांगितलं, मी गाडीच्या पोटातलं सांगतो कारण हूकअप नसलं की सगळा खेळ तिथे आहे.

भाड्याची गाडी देताना ते लोक दहा मिनिटांत सगळं दाखवतात आणि तुम्ही मान डोलावता. हीटर प्रोपेनवर चालतो हे खरं, पण त्याचा पंखा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. वेस्ट यलोस्टोन साडेसहा हजार फुटांच्या वर आहे, जुलैतही रात्री हाडं गारठतात, सहा जणांसाठी रात्रभर हीटर लावला की पहाटे चारला बॅटरी झोपते आणि पाण्याचा पंपही तिच्याबरोबर. म्हणून हीटर कमी तापमानावर आणि जाड पांघरुणं जास्त. साधी लेड अ‍ॅसिड बॅटरी असेल तर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण आणि १२.१ च्या आसपास म्हणजे निम्मी संपली असं समजा, त्याच्या खाली रोज नेऊ नका. एसी आणि मायक्रोवेव्ह फक्त जनरेटर लावला तरच. जनरेटर कधी लावता येतो त्याच्या वेळा कॅम्पग्राउंडच्या पाटीवर असतात, नॅशनल पार्कात रात्री दहा ते सकाळी सहा शांतता असते. भाडं करताना जनरेटरचे तास किती फुकट ते विचारून घ्या.

फ्रिज गॅसवर चालणारा असेल तर गाडी सपाट उभी हवी, नाहीतर तो नीट गार करत नाही. चाकाखाली ठेवायचे लेव्हलिंग ब्लॉक गाडीत आहेत का बघा.

पाणी तर सहा जणांत भुर्रकन जातं. टाकी भरली म्हणून घरच्यासारखी आंघोळ केलीत तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नळ सुं सुं करतो. अंग ओलं करा, नळ बंद, साबण, मग धुवा. भांडी आधी कागदाने पुसून घ्या म्हणजे धुवायला पाणी कमी लागतं आणि ग्रे टाकीही (आंघोळ-भांड्यांच्या वापरलेल्या पाण्याची) लवकर भरत नाही. लोक स्वच्छ पाणी किती उरलं ते बघतात, खरं तर घाण पाण्याची टाकी आधी भरते.

झुळूक
आणि ती दुसरी टाकी? तिच्याबद्दल कोणी बोलत नाहीये.

ओहमबाबा
ब्लॅक टाकी, संडासाची. बोलतो की, त्यात काय. डंप स्टेशनला, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी, गाडी लावायची, हातमोजे, जाड पाइपचं एक टोक गाडीला पक्कं फिरवून अडकवायचं, ते क्लिक झाल्याचं हाताने हलवून बघायचं, दुसरं टोक जमिनीतल्या भोकात, आणि ते उडू नये म्हणून पायाने किंवा दगडाने दाबून ठेवायचं. आधी ब्लॅकचा दांडा ओढायचा. आवाज थांबला की तो बंद करून ग्रे. म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आतून धुतला जातो. उलट क्रमाने केलं तर घाणेरडा पाइप पुन्हा पेटीत भरावा लागतो. शेजारी दोन नळ असतात, पिण्याच्या पाण्याचा वेगळा आणि पाइप धुवायचा वेगळा, पाटी वाचूनच हात लावा. सगळं मिळून पंधरा मिनिटांचं काम.

कडकलक्ष्मी
आमच्याकडे हे काम कोणी करायचं यावरून ड्रॉ काढतात. जिंकणाऱ्याला स्वयंपाक, हरणाऱ्याला पाइप :)

शाळकरी_काका
पण मला सांगा, इतका जीव टांगणीला लावण्यापेक्षा वॉलमार्टच्या पार्किंगमध्ये का नाही थांबायचं? फुकट, दिवे असतात, सकाळी दूध-ब्रेड समोर. आम्ही लांबच्या प्रवासात असंच करतो.

पक्कं_नियोजन
काका, वॉलमार्टचं प्रत्येक दुकानाच्या मॅनेजरवर असतं आणि त्यावर त्या गावाचा कायदा. पर्यटनाच्या गावांत बहुतेक ठिकाणी 'रात्री थांबू नये' अशी पाटी असते. आत जाऊन किंवा फोन करून विचारायचं, आणि हो म्हणाले तर एका रात्रीपुरतंच. खुर्च्या मांडायच्या नाहीत, ग्रिल काढायचं नाही, स्लाइड आउट (गाडीचा बाहेर सरकणारा भाग) बाहेर काढायचा नाही. आधीच्यांनी तिथे संसार थाटला म्हणूनच पाट्या लागल्या.

शाळकरी_काका
बरोबर आहे तुमचं, विचारूनच थांबावं. हमरस्त्यावरचे रेस्ट एरियाही आहेत. फक्त प्रत्येक राज्याचं वेगळं. कॅलिफोर्नियात २४ तासांत ८ तास, टेक्सासमध्ये २४ तास चालतं, काही राज्यांत रात्री थांबूच देत नाहीत. पाटी वाचायची.

अठराचाकी
बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मी इथे ट्रक चालवतो, त्यामुळे या धाग्यावर एक विनंती करायची आहे.

रात्री जागा मिळाली नाही की मोटरहोमवाले ट्रक स्टॉपवर येतात आणि आमच्या लांब जागांमध्ये गाडी लावून झोपतात. तुम्हाला ती फक्त एक रिकामी जागा दिसते. आमचं असं आहे की ११ तास ड्रायव्हिंग झालं की कायद्याने १० तास विश्रांती घ्यावीच लागते, आणि ते सगळं इंजिनला जोडलेल्या इलेक्ट्रॉनिक लॉगमध्ये जातं. संध्याकाळी सातनंतर मोठ्या रस्त्यांवर ट्रकला जागा मिळत नाही. घड्याळात वीस मिनिटं उरलेली असतात, ७० फुटी गाडी घेऊन मी लॉटमध्ये दोन चकरा मारतो, आणि पंचवीस फुटी मोटरहोम माझ्या जागेत उभं असतं, पडदे ओढलेले. मग आम्हाला हायवेवर चढायच्या-उतरायच्या रॅम्पच्या कडेला उभं राहावं लागतं, तिथे मागून कोणी ठोकलं तर जीव जातो. हे मी उगाच घाबरवायला सांगत नाही.

तुम्ही छोटी गाडी घेऊन गावातल्या पन्नास ठिकाणी मावता. काही ट्रक स्टॉपवर आरव्हीसाठी वेगळ्या जागा असतात, पैसे भरून हूकअपसुद्धा, त्या जरूर वापरा. नसतील तर आत काउंटरवर विचारा, ते गाड्यांच्या पार्किंगची कडा दाखवतात. पण ट्रकची जागा रात्री घेऊ नका.

रानवाट
@अठराचाकी, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. या विषयावर बोलताना हे कोणी सांगत नाही.

मी_कांचन
मला हे ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं ट्रक स्टॉप म्हणजे सगळ्यांसाठी. दादा, सांभाळून चालवा.

किवी_कोकणी
जरा अवांतर. आमच्याकडे न्यूझीलंडमध्ये हीच गर्दी ख्रिसमस ते जानेवारीच्या मध्यापर्यंत असते, कारण तेव्हा उन्हाळा आणि शाळांची सुट्टी एकत्र येते. फुकट थांबण्याला इथे फ्रीडम कॅम्पिंग म्हणतात आणि लोकांनी त्याचा इतका विचका केला की कायदा कडक होत गेला. २०२३ च्या कायद्याने सेल्फ-कंटेन्ड गाडीत जागच्या जागी बसवलेला संडास हवा, सीटखालून काढायचा डबा चालत नाही. कौन्सिलप्रमाणे जागा वेगळ्या, दंड जागेवर. म्हणजे सगळीकडे गोष्ट एकच, थोडे लोक घाण करतात आणि सगळ्यांची जागा जाते.

रानवाट
अगदी हेच फॉरेस्टमध्ये होतंय. डिस्पर्स्ड जागा नवीन पाडायची नाही, आधीच टायरने दबलेल्या, दगडांचं चूल-वर्तुळ असलेल्या जागेतच थांबायचं. ग्रे पाणी जमिनीवर सोडायचं नाही. 'नुसतं साबणाचं तर आहे' म्हणून वॉल्व्ह उघडणारे बघितलेत मी, संताप येतो. अस्वलांचा प्रदेश आहे, कूलर, कचरा, टूथपेस्टसुद्धा बाहेर ठेवायची नाही, अन्न साठवण्याचे तिथे नियम आहेत आणि ते पाळले नाहीत तर दंड होतो. शेकोटीचं जायच्या दिवशीच बघा, आगीचे निर्बंध लागले की कोळशाचं ग्रिलही बंद होऊ शकतं, गॅसची शेगडी सहसा चालते.

आणि मोटरहोमचा एक फायदा सांगायचा राहिला. शोशोनी फॉरेस्टमध्ये कोडी ते पार्कच्या पूर्व दरवाज्याच्या रस्त्यावर काही कॅम्पग्राउंड्समध्ये ग्रिझलींमुळे तंबूला परवानगी नाही, फक्त टणक भिंतीच्या गाड्या. पार्कातलं फिशिंग ब्रिजही तसंच. म्हणजे तंबूवाल्यांची अर्धी स्पर्धा तिथे नसते.

नचिकेत_बे_एरिया
सगळं छान चाललंय पण मुख्य अडचणीला कोणी हात घातला नाही. टो करायला कार नाहीये यांच्याकडे. फॉरेस्टमध्ये जागा पकडली, ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी पार्क बघायला जायचं तर घरच घेऊन जावं लागणार. डिस्पर्स्ड जागेवरून गाडी हलली की जागा गेली, तिथे ना चिठ्ठी ना खांब. आणि पार्कात दहानंतर पंचवीस फुटी गाडी लावायला जागा कुठे? मिडवे गीझरपाशी कार लावायची मारामार असते. इथेच घोडं पेंड खातं.

रानवाट
मुद्दा एकदम बरोबर. म्हणूनच गर्दीत मी डिस्पर्स्डपेक्षा पैसे भरायचं साधं कॅम्पग्राउंड निवडीन. खांबावर चिठ्ठी आणि साइटवर दोन खुर्च्या असल्या की तुम्ही दिवसभर बाहेर असलात तरी जागा तुमचीच राहते. पार्कात पहाटे सहाला शिरायचं. ओल्ड फेथफुलला मोठ्या गाड्यांची जागा भरपूर आहे, तिथे सकाळीच लावून चालत फिरा, वरच्या गीझर बेसिनमध्ये दिवस जातो.

डेन्व्हरची_मावशी
नचिकेतला जोडून. दोन-तीन दिवस छोटी कार भाड्याने घ्या. आम्ही सासऱ्यांना घेऊन गेलो होतो तेव्हा तेच केलं आणि त्यामुळेच सगळं निभावलं. मोटरहोम जागेवर उभं, कारने पार्कात. ज्यांना दमायला होईल त्यांच्याजवळ एकाने थांबायचं, बाकीच्यांनी फिरायचं.

ग्रीष्मा, तू सासूबाईंची काळजी लिहिलीस ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. पार्कचा बराच भाग साडेसात हजार फुटांच्या वर आहे. पहिला दिवस दोघांनाही धाप लागेल, पाणी जास्त, चालणं कमी. मोटरहोमच्या पायऱ्या उंच असतात, एक छोटा स्टूल घेऊन जा. रात्री बाथरूमला उठताना वरच्या बंकखालून वाकून जावं लागतं, तिथे चिकटवायचा छोटा दिवा लाव. त्यांचा बिछाना मागचा, जो मोडायचा-लावायचा नसतो, तोच दे. डायनेटवर, म्हणजे जेवायच्या टेबलाचा पलंग करतात त्यावर, झोपणाऱ्या माणसाला बाकीचे उठेपर्यंत उठता येत नाही. इन्सुलिन असेल तर फ्रिजवर पूर्ण भरवसा ठेवू नकोस, वेगळी थंड पिशवी ठेव. आणि रोज दुपारी दोननंतर पार्कजवळ जागा शोधत फिरायचं नाही असं ठरवून टाक, तोवर जागा मिळाली नाही तर दोनला वाट वळवून पार्कपासून लांब जा. तासभर लांब गेलं की जागा सापडायची शक्यता एकदम वाढते, सगळे दाराशीच गर्दी करतात.

पक्कं_नियोजन
मावशींचा प्रतिसाद वाचून माझं मत थोडं मऊ झालंय. तरी दोन गोष्टी सांगतो, यात कोणाला आक्षेप नसावा. पहिली रात्र बुक करा, काहीही करून. गाडी ताब्यात घेता घेता दुपारचे तीन वाजतात, सामान भरा, किराणा आणा, पाच वाजतात. त्या दिवशी जागा शोधत फिरणं नकोच. सॉल्ट लेक ते आयडाहो फॉल्सच्या पट्ट्यात कुठेही हूकअपवाली जागा घ्या, सगळे स्विच दाबून बघा. शेवटची रात्रही तशीच, टाक्या रिकाम्या करून गाडी परत द्यायची असते.

दुसरी गोष्ट, कॅन्सलेशन. रिक्रिएशन डॉट गव्हवर आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी रद्द केलं तर पहिल्या रात्रीचे पैसे जातात. म्हणून ज्यांना रद्द करायचंच असतं ते दोन-तीन दिवस आधी करतात. तेव्हा साइट उघडून बसा. यलोस्टोनच्या काही कॅम्पग्राउंड्सच्या थोड्या जागा १४ दिवस आधीही खुल्या होतात. आणि सलग तीन रात्री शोधू नका, एकेक रात्र शोधा.

नचिकेत_बे_एरिया
आणि जागा बुक करून न येणाऱ्यांचं काय? योसेमिटीत शेजारची साइट रात्रभर रिकामी बघितलीय आम्ही, तीही बुक केलेली. बाहेर लोक जागेसाठी वणवण फिरतायत. निदान रद्द तरी करा रे, दुसऱ्या कोणाला मिळेल.

कडकलक्ष्मी
+१. जानेवारीत पाच ठिकाणी बुक करायचं आणि जूनमध्ये ठरवायचं कुठे जायचं, असे लोक माझ्या ओळखीत आहेत. त्यांना मी तोंडावर सांगते.

झुळूक
यलोस्टोनच का पण? चार जुलैला थोडं कमी गाजलेलं पार्क का नाही?

रानवाट
@झुळूक, हा प्रश्न आधी यायला हवा होता. मेसा व्हर्डेचं मोरफील्ड कॅम्पग्राउंड आहे, २६७ जागा, आणि ते क्वचितच भरतं असं पार्क सर्व्हिस स्वतःच सांगते. साउथ डकोटात बॅडलँड्सशेजारी बफेलो गॅप नॅशनल ग्रासलँड आहे, वॉल गावाजवळ कड्यावर फुकट थांबता येतं, समोर सगळं बॅडलँड्स. बॅडलँड्सचं सेज क्रीक पण फुकट आहे, मात्र तिथे १८ फुटांपेक्षा लांब आरव्ही चालत नाही. म्हणजे लांबी आधी बघा. ग्लेशियरच्या गोइंग टू द सन रोडवर वरच्या भागात २१ फुटांपेक्षा लांब गाडी जातच नाही, लोक पार दारापर्यंत पोचतात आणि परत फिरतात.

आणि आजूबाजूला काय चाललंय ते बघा. साउथ डकोटाला ऑगस्टच्या सुरुवातीला जाल तर स्टर्जिसची मोटरसायकल रॅली असते, १९३८ पासून चालत आलेली, तेव्हा त्या सगळ्या भागात जागा मिळणं मुश्किल. @मी_कांचन, तुमच्या ऑगस्टसाठी सांगतोय.

मी_कांचन
अरे बापरे, आम्ही नेमकं तेच बघत होतो. तारखा हलवते.

ग्रीष्मा_आर
सगळ्यांचे मनापासून आभार, इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. काल रात्री पूर्ण धागा घरात मोठ्याने वाचला. सासूबाईंनी सगळं ऐकून दोनच प्रश्न विचारले, संडास गाडीतच आहे ना, आणि सकाळी चहा करता येईल ना. दोन्हीला हो म्हटल्यावर म्हणाल्या मग एवढं काय, चला. सासऱ्यांनी ओहमबाबांचा प्रतिसाद वहीत उतरवून घेतलाय, व्होल्टेजचे आकडे ते रोज बघणार आहेत.

तर ठरलंय असं. पहिली रात्र आयडाहो फॉल्सजवळ मिळाली. टेटनचं शेवटी ठेवलंय. १ जुलै बुधवार आहे, त्या दिवशी सकाळी दहाच्या आत आयलंड पार्कच्या बाजूला फॉरेस्टच्या कॅम्पग्राउंडला पोचायचं, नाही मिळालं तर गुरुवारी सकाळी पुन्हा. आणि एकदा जागा मिळाली की शुक्रवार, शनिवार, रविवार तिथून हलायचं नाही. छोटी कार वेस्ट यलोस्टोनला चौकशी केली तर मिळत नव्हती, आयडाहो फॉल्सला मिळाली, ती नवरा चालवत मागून आणेल. सोमवारनंतर मोटरहोमनेच खाली टेटनकडे, तोपर्यंत गर्दी ओसरेल. पर्याय म्हणून पार्कपासून तासाभराच्या अंतरावरच्या चार जागा नकाशावर खुणा करून ठेवल्यात. ट्रक स्टॉप यादीतून काढलेत, @अठराचाकी दादा.

एक शंका राहिली. टेटनला जाताना आयडाहोतून टेटन पासवरून यावं की फिरून?

नचिकेत_बे_एरिया
पास टाळ. दोन्ही बाजूंनी १० टक्के उतार आहे. मोटरहोम जाऊ शकतं, पण भाड्याची सहा जणांची भरलेली गाडी पहिल्यांदाच चालवताय, ब्रेक तापतात. यलोस्टोनमधून दक्षिण दरवाज्याने खाली ये, रस्ताही सुंदर आहे आणि थेट टेटनमध्येच उतरतेस. कुठलाही मोठा उतार आला की खालच्या गिअरवर, ब्रेकवर पाय ठेवून नाही.

अठराचाकी
बरोबर. उतार सुरू व्हायच्या आधी गिअर पाडायचा, मधे नाही. आणि मागे रांग लागली तर पुलआउटमध्ये बाजूला होऊन जाऊ द्या, त्यात कमीपणा नाही. यादीतून काढल्याबद्दल आभार, ताई.

डेन्व्हरची_मावशी
बेत उत्तम झालाय. बुधवारी जागा मिळाली नाही तर हट्टाने तिथेच फेऱ्या मारू नका, दोनचा नियम लक्षात ठेवा.

रानवाट
आणि आयर्न रेंजरसाठी सुटे डॉलर. वीसच्या नोटा नकोत, एक-पाच-दहाच्या घ्या, ती पेटी सुटे परत देत नाही. काही ठिकाणी आता कोड स्कॅन करून पैसे भरता येतात पण रेंज असेल तरच. एक पेनही गाडीत ठेवा, तिथलं दोरीला बांधलेलं पेन कधीच चालत नाही.

ग्रीष्मा_आर
लिहून घेतलं. पेन दोन घेते.